कवठे महांकाळच्या रानात मोहरी : पेरणीआधीचा हिशेब

परतीचा पाऊस उघडून रानाला वाफसा आला की कवठे महांकाळ तालुक्यात दोन कामांची एकाच वेळी घाई उडते. म्हैसाळचे पाणी ज्याच्या रानात पोचले आहे तो द्राक्षाच्या फळछाटणीत अडकलेला असतो, आणि ज्याचे रान अजून आभाळाकडे बघते तो कुरी जुंपून शाळू पेरायला निघतो. अलीकडे याच पंधरवड्यात एक तिसरा विचार डोके वर काढू लागला आहे : मोहरी करून बघावी का? त्यातही साधी नको, पिवळी करावी, ‘डबल झिरो’ करावी, सॉसवाल्यांना लागते ती करावी, म्हणजे दर जास्त मिळेल.

हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. द्राक्षाच्या औषधांचा खर्च आणि बेदाण्याच्या दराचे हेलकावे यांनी माणसे दमली आहेत. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तेलबियांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. सात वर्षांसाठी १०,१०३ कोटी रुपये, आणि मोहरी त्यातल्या मुख्य पिकांपैकी एक. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. म्हणजे मागणी आहे. ही मागणी नागज-ढालगावच्या बांधापर्यंत पोचते का, आणि पोचली तरी तिच्यातले किती रुपये वाटेत गळतात, हे मात्र कुणी बी विकत घेण्याआधी मांडून दाखवत नाही. ते मांडावे म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. बाजारात मोहरी या एका नावाखाली निरनिराळा माल विकला जातो आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक निराळे आहे. राजस्थानात लाखो एकरांवर पिकतो तो रायडा तेलगिरणीचा माल. गिरणीवाला दाण्याचा रंग बघत नाही, तेलाचा उतारा बघतो. जयपूरचा दर ४२ टक्के तेलाच्या मालाला धरून बोलला जातो आणि उतारा कमी भरला की दर खाली येतो. फोडणीची मोहरी ही मसाल्याची वस्तू. तिथे दाणा बारीक, एकसारखा, काळपट-तांबूस आणि तिखट लागतो. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारात राई आणि रायडा यांचे दर म्हणूनच वेगळे निघतात. लोणच्याची डाळ भरडणाऱ्यांचा माल तिसरा.

पिवळ्या मोहरीत तर आणखी मोठा घोळ आहे. परदेशात सँडविचवर लावतात त्या पिवळ्या सॉसची मोहरी ही वनस्पती म्हणूनच वेगळी. ती थंड मुलखात, प्रामुख्याने कॅनडात पिकते. उत्तरेकडची पिवळी सरसों ही दुसरीच जात, सलगमाच्या कुळातली. आणि आपल्या नेहमीच्या मोहरीतही पिवळ्या दाण्याचे वाण आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने महाराष्ट्रासाठी काढलेला टीपीएम-१ हा तसला. तीन पोती शेजारी ठेवली तर लांबून सारखी दिसतील, पण तिखटपणा निराळा, तेल निराळे, गिऱ्हाईक निराळे. सॉसच्या कारखान्याला एक हवी आणि शेतकऱ्याने दुसरी पेरली, तर पीक उत्तम येऊनही माल नापास होतो. पहिली जोखीम इथेच, बियाण्याच्या पिशवीत आहे.

आता रानाकडे वळू. तालुका पर्जन्यछायेतला, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. मोहरीला हा हंगाम सोयीचा आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरली तर शंभर-एकशेदहा दिवसांत निघते, फेब्रुवारीत रान मोकळे. पाणी उसाच्या मानाने नगण्य : फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक, अशी दोन पाणी मिळाली तरी पीक उभे राहते. बी एकराला दीड-दोन किलो. मुळे खोल जातात. कागदावर हे सगळे कवठे महांकाळसाठीच लिहिल्यासारखे वाटते.

अडचण थंडीची आहे. मोहरी ही भरतपूर, अलवर, हिसारकडची. तिथे जानेवारीच्या रात्री पाच-सात अंशांपर्यंत उतरतात आणि शेंग सावकाश भरते. आपल्याकडे थंडी उशिरा येते, लवकर जाते, आणि फेब्रुवारीत दुपारचे ऊन चांगलेच तापते. शेंग भरण्याचे दिवस आखडले की दाणा बारीक राहतो आणि तेल कमी भरते. म्हणून पेरणी दिवाळीच्या पुढे ढकलली की उताऱ्याची आशा सोडावी. भाभा केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेला टीएएम १०८-१ हा वाण २०२१ मध्ये विदर्भासाठी प्रसारित झाला. आपल्या भागासाठी त्याचे नाव पुढे करणाऱ्याला एकच विचारावे : सांगली-सोलापूरच्या हवेत सलग तीन हंगाम तो किती उतरला? विदर्भातला आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

खर्च मांडू. पुढचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावची मजुरी आणि भाडी टाकून बदलावेत. एकरी नांगरट आणि रोटर मिळून ३,७०० रुपये, बी ३००, पेरणी १,०००. डीएपीचे एक पोते १,३५०, युरिया आणि गंधक मिळून ८००. गंधकाला कात्री लावू नये, कारण मोहरीचा तिखटपणा आणि तेल दोन्ही गंधकावर उभे असते. विरळणी आणि भांगलण २,४००. माव्यासाठी दोन फवारण्या १,८००. पाण्याची पट्टी आणि पाणी पाजायची मजुरी १,५००. कापणी २,८००, मळणी १,५००, पोती आणि गाडीभाडे ८५०. बेरीज बरोबर १८,००० रुपये. जमिनीचा खंड आणि घरच्या माणसाचे राबणे यात नाही.

हे १८,००० उत्पन्नावर भागून बघावेत. एकरी तीन क्विंटल उतरले तर क्विंटलमागे खर्च ६,००० रुपये. चार उतरले तर ४,५००. पाच उतरले तर ३,६००. एका क्विंटलच्या फरकाने गणित कुठून कुठे जाते हे नीट बघा, कारण मोहरीत क्विंटलभर माल हातचा जायला फार काही लागत नाही. शेंग वाळली की तडकते. कापणीला चार दिवस उशीर झाला आणि दुपारच्या उन्हात विळा चालवला की दाणा रानातच सांडतो. ती कापणी पहाटेच्या दवात करावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तालुक्यातला झाडून सगळा मजूर द्राक्षकाढणीत आणि बेदाण्याच्या शेडवर गुंतलेला असतो. नागज-जुनोनीच्या रस्त्यावर रॅकवर द्राक्षे चढत असताना मोहरी कापायला माणसे मिळवणे हाच या पिकाचा खरा खर्च आहे, आणि तो कुठल्याही छापील तक्त्यात नसतो.

केंद्राने २०२६-२७ च्या रब्बी खरेदीसाठी मोहरीचा हमीभाव ६,२०० रुपये ठरवताना उत्पादनखर्च क्विंटलला ३,२१० धरला आहे. म्हणजे खर्चावर ९३ टक्के वाढ; रब्बीच्या तेलबियांत इतकी वाढ दुसऱ्या पिकाला नाही. हा आकडा बघून मोह होतो. पण ३,२१० हा देशाचा सरासरी खर्च आहे आणि त्यात वजन आहे ते राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, हरियाणाचे. आपल्या १८,००० रुपयांत तो खर्च साधायचा तर एकरी साडेपाच क्विंटलहून जास्त माल निघाला पाहिजे. पहिल्याच वर्षी, नव्या पिकात, फेब्रुवारीच्या उन्हात ते धरून चालणे धाडसाचे आहे. मी चार क्विंटल धरतो.

आणखी एक खर्च आहे जो पट्टीवर कधीच दिसत नाही : कडबा. शाळू पेरणारा केवळ ज्वारीसाठी पेरत नाही. त्या पेंढ्यांवर गोठा उभा असतो, आणि दुष्काळी सालात शेकड्याचा दर असा चढतो की धान्यापेक्षा कडब्याचेच पैसे जास्त वाटावेत. मोहरीचे काड जनावर खात नाही, ते चुलीला जाते. शाळूच्या रानात मोहरी घातली तर कडब्याची किंमत मोहरीच्या खर्चात धरलीच पाहिजे. दोन दुभती जनावरे असलेल्या घरात एवढ्या एका कारणाने विषय संपतो. हरभऱ्याशी तुलना केली तर हरभरा जमिनीला नत्र देतो, सांगलीच्या बाजारात रोज विकला जातो, आणि पीकविम्यात आहे. राज्यात रब्बीच्या विम्यात गहू, ज्वारी, हरभरा, कांदा, उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी भात ही पिके असतात. मोहरीला तिथे जागा नाही. गारपीट झाली तर सगळे नुकसान आपल्या अंगावर.

तणाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपल्या पडीक रानात, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला पिवळा धोत्रा भरपूर. तो मोहरीबरोबरच फुलतो, तिच्याबरोबरच पिकतो, आणि त्याचे काळे बी मोहरीच्या दाण्यात मिसळले की चाळणीने निवडून निघत नाही. त्या बियांचे तेल विषारी असते. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने जलोदरासारखी सूज येऊन साठाहून अधिक माणसे दगावली, त्यामागे हाच धोत्रा होता. बांधावरचा धोत्रा फुलायच्या आत उपटणे हे मोहरी करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. मसाल्याचा जाणता व्यापारी दाणे तळहातावर घेऊन आधी तेच शोधतो.

द्राक्षबागेला लागून मोहरी घेणाऱ्याने मधमाश्यांचाही विचार करावा. मोहरी बरीचशी स्वपरागीत आहे, तरी माश्या फिरल्या तर शेंग चांगली भरते. पण ऑक्टोबर छाटणीपासून बागेत फवाऱ्याचा पंप थांबत नाही. शेजारच्या फुललेल्या मोहरीवर आलेली माशी त्या औषधाने मरते, आणि औषधाचा अंश दाण्यावर राहिला तर मसाल्याचा माल तपासणीत अडकू शकतो. भुरीची मात्र उगाच भीती नको. द्राक्षावरची भुरी आणि मोहरीवरची भुरी या वेगळ्या बुरशी आहेत, एकीची दुसरीला लागण होत नाही.

रानातले हे सगळे सांभाळता येते. बाजार सांभाळणे आपल्या हातात नाही.

मोहरीचा भाव बराचसा जयपूरला ठरतो असे म्हणतात, पण जयपूरवाला रोज सकाळी मलेशियातल्या पामतेलाचा दर बघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे आयातशुल्क उपकरांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. शेतकऱ्याला आधार मिळाला. मे २०२५ अखेर तेच शुल्क साडेसोळावर आणले. दोन निर्णयांत नऊ महिनेसुद्धा गेले नाहीत. एका पेरणीआधीचे धोरण कापणीनंतरच्या धोरणापेक्षा वेगळे, हा अनुभव तेलबियांत जुनाच आहे. २०२१ मध्ये मोहरीने सात हजारांची पातळी ओलांडली; दोनच वर्षांनी, २०२३ च्या काढणीत, ती त्यावेळच्या ५,४५० च्या हमीभावाखाली विकली गेली. भाव आधी बांधून ठेवण्याची सोय म्हणून मोहरीचे वायदे होते, तेही सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि पुढे बंदी वाढवत नेली.

हमीभाव आहे ना, असे कुणी म्हणेल. हमीभाव देशभर एकच असतो, खरेदी केंद्र मात्र मालाचा डोंगर जिथे पडतो तिथे उघडते. भरतपूरला ते उघडेल. कवठे महांकाळात वीस जणांनी मिळून ऐंशी क्विंटल मोहरी पिकवली म्हणून त्यासाठी काटा लागेल अशी आशा धरू नये. आपल्याला मिळणार तो व्यापाऱ्याचा दर.

तो दर कसा निघतो हे समजून घेण्यासारखे आहे, कारण या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. समजा तुम्ही माल तेलगिरणीला देता. मोठ्या गिरण्या राजस्थानात, हजार किलोमीटरहून लांब. सांगलीचा व्यापारी जयपूरच्या दरातून गाडीभाडे, हमाली, तोलाई, आडत आणि स्वतःची जोखीम वजा करून तुम्हाला दर सांगेल. ६,००० चे कापत कापत ५,२०० ला येतील. चार क्विंटलचे २०,८००, त्यातून खर्चाचे १८,००० गेले की हातात २,८००. दाणा उन्हाने बारीक राहून उतारा घसरला की तेवढेही नाहीत.

आता समजा हीच मोहरी तुम्ही मिरजेच्या मसालेवाल्याला किंवा लोणचे घालणाऱ्या गृहउद्योगाला देता. त्याला आज मोहरी गुजरात-राजस्थानातून भाडे भरून आणावी लागते. त्याच्या दारात पडणारा दर म्हणजे तिकडचा दर अधिक भाडे. तुम्ही त्याच्या दोन पैसे खाली राहिलात तरी गिरणीच्या दरापेक्षा बरेच वर असता. पहिल्या व्यवहारात जे अंतर तुमचा खिसा कापत होते, तेच दुसऱ्यात तुमच्या बाजूने उभे राहते. म्हणून माझे ठाम मत आहे की या तालुक्याने तेलाच्या मोहरीच्या नादी लागू नये. करायची तर स्थानिक स्वयंपाकघराची मोहरी करावी.

पण स्वयंपाकघराची भूक छोटी असते. मराठी घरात मोहरी चमच्याने लागते. तेल शेंगदाण्याचे, करडईचे, सोयाबीनचे, सूर्यफुलाचे. एका घराला फोडणीसाठी वर्षाला किलोभर मोहरी धरली तर एक क्विंटल खपवायला शंभर घरे हवीत. अडीच एकरांतल्या दहा क्विंटलांना हजार घरे. हे जमण्यासारखे आहे. शंभर एकर पेरले तर चाळीस हजार घरे लागतील, आणि ते चार-सहा शेतकऱ्यांना जमणारे काम नाही. पहिल्या पोत्याला मिळालेला दर दहाव्या पोत्याला मिळत नाही, आणि पन्नासाव्या पोत्याला गिऱ्हाईकच नसते. विशेष पिकाची सगळी जोखीम या उथळ बाजारात साठलेली आहे.

उथळ बाजार किती हिंदकळतो याचे उदाहरण जगाने २०२२ मध्ये पाहिले. फ्रान्समध्ये दिजाँ मोहरीची चटणी घरोघरी लागते. त्या उन्हाळ्यात तिथल्या दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी दिसू लागली. कारण आदल्या वर्षी कॅनडाच्या सस्कॅचवान आणि अल्बर्टा प्रांतांत भीषण उष्णतेची लाट येऊन तिथली मोहरी निम्म्याच्या आसपास घटली होती. भाव भडकला. तो भाव बघून तिथल्या शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पाऊसही बरा झाला आणि त्याच २०२२ सालात उत्पादन दीड लाख टनांच्या वर गेले. पुढच्या दोन वर्षांतही पेरा चढाच राहिला आणि दर उतरले. चढा दर ज्यांनी मिळवला ते टंचाईच्या वर्षी ज्यांच्याकडे माल होता ते थोडे लोक. बातमी वाचून पेरणाऱ्यांच्या वाट्याला उतरता दर आला. कॅनडाची ती दीड लाख टन मोहरी भारताच्या सव्वाशे लाख टनांपुढे काहीच नाही, आणि नेमक्या त्या लहानपणामुळे तिचा भाव इतका उसळतो आणि आपटतो. तरीही त्या शेतकऱ्याकडे एक गोष्ट असते जी आपल्याकडे नाही : पेरणीआधी खरेदीदाराशी लेखी करार करण्याची रुळलेली रीत.

‘डबल झिरो’ मोहरीविषयी आता. आपल्या नेहमीच्या मोहरी तेलात चाळीस-पन्नास टक्के इरुसिक आम्ल असते. पाश्चात्त्य देश त्याला बिचकतात आणि अमेरिकेत मोहरीचे तेल ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ अशा चिठ्ठीनिशी विकले जाते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा मस्टर्ड ३१ सारखे वाण काढले. त्यांच्या तेलात हे आम्ल दोन टक्क्यांच्या आत आहे आणि पेंडीतला तिखट घटकही कमी, म्हणून पेंड कोंबड्यांना चालते. माल खरोखर मोलाचा. पण तो मोलाचा आहे हे डोळ्यांना दिसत नाही. साध्या मोहरीशेजारी ठेवला तर ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत तेलाची तपासणी केल्यावरच कळते. आडतीवर ती सोय नसते, त्यामुळे आडतीवर त्याला साध्या मोहरीचाच दर.

यात शास्त्राची एक बारीक गोष्ट आहे. इरुसिक आम्ल किती असेल हे दाण्यातला गर्भ ठरवतो, आणि गर्भात अर्धा वाटा परागाचा असतो. म्हणजे शेजारच्या साध्या मोहरीचा पराग माशीने आणून टाकला तर याच हंगामातल्या त्या दाण्याचे तेल बिघडते, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. राजस्थानात चहूकडे मोहरीच मोहरी असताना डबल झिरो शुद्ध ठेवणे म्हणूनच जिकिरीचे. आणि इथे कवठे महांकाळची बाजू एकदम भक्कम होते : पाच-दहा मैलांत दुसरी मोहरी नाही. शुद्ध वाण राखायला लागणारे अंतर आपल्याला फुकट मिळालेले आहे. ज्या एकटेपणामुळे आपल्याला बाजार नाही, त्याच एकटेपणामुळे इथे शुद्ध बियाणे होऊ शकते. मोहरीतला खरा ‘विशेष’ धंदा या तालुक्यात कुठला असेल तर तो बीजोत्पादनाचा, असे मला वाटते. त्यासाठीही एक पथ्य आहे. सांडलेली मोहरी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून काळी मोहरी घेतलेल्या रानात पुढे पिवळी किंवा बियाण्याची मोहरी घेऊ नये. दहा काळे दाणे आख्ख्या पिवळ्या पोत्याचा दर पाडतात.

बीजोत्पादन असो की सॉसची मोहरी, करार आलाच. करार म्हटला की सांगली जिल्ह्याला २०१९ आठवते. इस्लामपूरहून सुरू झालेल्या कडकनाथ योजनेत पिल्ले कंपनीकडून घ्यायची आणि अंडी-कोंबड्या कंपनीच परत घेणार, असे ठरले होते. हजारो लोकांचे पैसे अडकले. पिल्ले विकण्यात कमाई होती तोवर योजना चालली. तयार मालाला बाहेर खरे गिऱ्हाईक होते का, हे फार थोड्यांनी विचारले. मोहरीत कुणी ‘बी आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू’ म्हणत आला तर त्याची कमाई बियाण्यावर आहे की मालावर, हे आधी ओळखावे. करारात दर आकड्यात हवा, ‘बाजारभावाप्रमाणे’ नको. ओलावा, कचरा, रंग आणि तेल यांच्या मर्यादा लिहिलेल्या हव्यात, तपासणी कुठे आणि कुणाच्या पैशाने होणार ते हवे, नापास मालाचे काय होणार ते हवे, आणि माल उचलल्यापासून किती दिवसांत पैसे मिळणार ते हवे. पीक कमी आले तर तूट बाहेरून विकत घेऊन भरून देण्याची अट असेल तर सही करू नये.

एवढे सगळे सांगून झाल्यावर करडईकडे न वळणे मला शक्य नाही. करडई या मातीतली. शाळूच्या पट्ट्यात, हरभऱ्याच्या कडेने ती पिढ्यानपिढ्या होती. तिचे काटे अंगाला बोचतात म्हणून कापणीला माणसे मिळत नाहीत, असे कारण सांगितले जाई. सातारा जिल्ह्यात फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी उभ्या केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे कारणच काढून टाकले. २००१ मध्ये तिथून नारी-६ हा बिनकाट्याचा वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा संकर आला. सोलापूरच्या संशोधन केंद्राने कोरडवाहूसाठी एकाहून एक वाण दिले. तरीही करडईचा पेरा आटतच गेला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाल्यावर तेलाचा भाव बंदरावर ठरू लागला होता, आणि फलटणच्या शास्त्रज्ञांनी रानातला काटा काढला तरी बंदरावरचा काढणे त्यांच्या हातात नव्हते. मोहरीच्या बाबतीत आपण आज त्याच वळणावर उभे आहोत. फरक इतकाच की २०२६-२७ साठी करडईचा हमीभाव ६,५४० आहे, मोहरीपेक्षा ३४० रुपयांनी जास्त. तिला पाणी लागत नाही, आणि तिचे तेल मराठी गिऱ्हाईक स्वतःहून मागते. लाकडी घाण्याच्या करडई तेलाला शहरात आज जो दर मिळतो तो मोहरीच्या तेलाला इथे मिळवायला बरीच वर्षे लागतील. घाण्याच्या वाटेने जायचेच असेल तर मी करडई पेरायला सांगेन. मोहरीचे तेल काढणाऱ्याला कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला उत्तरेकडचा कामगार हे गिऱ्हाईक आहे. पण सुटे तेल विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे परवाना, बाटली, लेबल सगळे आले. जून २०२१ पासून मोहरी तेलात दुसरे तेल मिसळण्यास मनाई झाली, एवढी एक गोष्ट शुद्ध माल विकणाऱ्याच्या बाजूची.

मोहरीचा आणखी एक उपयोग आहे, ज्यात बाजाराचा प्रश्नच येत नाही. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीची एक जोडओळ घेतली तर चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिच्यावर अंडी घालतो आणि कोबी बराचसा वाचतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ही पद्धत फार पूर्वी दाखवून दिली. फुलोऱ्यात आलेली मोहरी कापून मातीत गाडली तर तिच्या तिखट घटकाचा वायू होऊन मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना काही प्रमाणात आळा बसतो. नवी द्राक्षबाग लावण्याआधीच्या हंगामात हे करून बघण्यासारखे आहे. यात पट्टी नाही, दलाल नाही. औषधाचा जेवढा खर्च वाचेल तेवढी ती मोहरीची किंमत.

ज्याला यंदा करायचीच आहे त्याने दहा गुंठे करावी. बी अर्धा किलोच्या आत लागेल, पैसे साडेचार हजारांच्या आसपास, आणि चाळणीतून निघाल्यावर क्विंटलभर माल हातात येईल. पेरणीच्या आधी, सप्टेंबरात, मिरज-सांगलीतले दोन मसालेवाले आणि एक लोणच्याचा गृहउद्योग गाठून त्यांना नमुना दाखवावा, मार्चमध्ये किती किलो आणि कुठल्या दराने घेतील ते लिहून घ्यावे. कैरीच्या लोणच्याचा हंगाम एप्रिल-मेमध्ये सुरू होतो आणि आपली मोहरी फेब्रुवारीअखेर वाळून तयार असते, ही वेळ आपल्या सोयीची आहे. महिला बचत गटाने ती भरडून डाळ केली तर दर किलोवर बोलता येतो, क्विंटलवर नाही. माल कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो, म्हणून दर पडला तरी घाईने विकायची गरज नसते. कापणीच्या आठवड्याचे मजूर मात्र जानेवारीतच बोलून ठेवावेत, बेदाण्याच्या शेडवाल्यांनी त्यांना उचल देण्याआधी.